नावं गिळणाऱ्या एक्सकॉपीला खुलं पत्र

एक्सकॉपी,

पत्राच्या आरंभी ‘सप्रेम नमस्कार’ लिहायचा रिवाज आहे. तो मी पाळणार नाही, कारण तुझ्याबद्दल मला ना प्रेम आहे ना आदर. अहो-जाहोही करणार नाही.

आरोप आधीच सांगून टाकतो. जुनी हार्ड डिस्क कुरकुरायला लागली, म्हणून तिच्यावरचं विंडोज ९५ किंवा ९८ नव्या डिस्कवर न्यायचं काम लोकांनी विश्वासाने तुझ्यावर, डॉस या जुन्या प्रणालीतल्या फाइली कॉपी करणाऱ्या कमांडवर, सोपवलं. तू फाइली नेल्यास आणि त्यांची नावं मागेच टाकलीस. वर पडद्यावर ‘इतक्या इतक्या फाइली कॉपी झाल्या’ अशी ओळ उमटवून मोकळा झालास. ती ओळ खोटी होती. माझा राग नावांवरून आहेच, पण त्याहून जास्त त्या ओळीवरून आहे.

जुन्या मशीनमधला मजकूर बाहेर काढून देण्याचं काम मी करतो. डिस्क जोडायची, फोल्डर उघडायचं, आणि समोर ‘मायडॉक्यु~१’, ‘ॲप्लिक~१’, ‘कॉमन~१’ अशी रांग दिसली की तुझा हात फिरून गेलाय हे लगेच कळतं. आत मजकूर असतो, तारीखही बहुतेक वेळा शाबूत असते. फक्त कुठली फाइल कशाची, हे सांगणारं काही उरलेलं नसतं. मालक मला विचारतो, ‘नावं परत येतील ना?’ जुनी डिस्क अजून हातात असेल तर येतील, असं मी सांगतो. मग तो सांगतो की कॉपी नीट झाल्याचा निरोप मिळाला होता, म्हणून जुन्या डिस्कला फॉरमॅट मारला. तो निरोप तूच दिला होतास.

तुझं मूळ मला ठाऊक आहे. तू १९८६ साली डॉसच्या ३.२ आवृत्तीबरोबर आलास. तेव्हा फाइलीचं नाव म्हणजे आठ अक्षरं, एक टिंब आणि पुढे तीन अक्षरं. ही शिस्त डॉसने सीपीएम या आधीच्या प्रणालीकडून उचललेली. डिस्कवर प्रत्येक फाइलीची नोंद ३२ बाइटची: आठ नावाला, तीन विस्ताराला, एक गुणधर्मांना, मग वेळ, तारीख, मजकूर कुठून सुरू होतो तो आकडा आणि फाइलीचा आकार. लांब नाव त्या चौकटीत बसतच नव्हतं, त्यामुळे नेण्याचा प्रश्नच नव्हता. त्या काळातल्या तुझ्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार सुरू होते २४ ऑगस्ट १९९५ पासून. त्या दिवशी विंडोज ९५ बाजारात आलं आणि साध्या पीसीवरच्या माणसाला फाइलीला माणसासारखं नाव देता येऊ लागलं. अवकाशासकट, २५५ अक्षरांपर्यंत. मॅकिंटॉशवाल्यांना लांब नावांची सोय आधीपासून होती. म्हणून तर ॲपलने त्या वेळी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन अभिनंदनाचा इंग्रजी शब्द मुद्दाम आठ अक्षरांत कोंबून दाखवला होता. टोमणा खरा होता. पण लाखो लोकांना पहिल्यांदाच मोकळेपणाने नाव लिहिता आलं, हेही तितकंच खरं.

आणि हे नाव जुन्या चौकटीत बसवण्याची युक्ती किती जपून केलेली होती, ते तुला माहीत नसेल तर मी सांगतो. ‘प्रोग्राम फाइल्स’ हे फोल्डर घे. इंग्रजीत त्याची अक्षरं अवकाश धरून बरोबर १३ भरतात. लांब नावाच्या एका नोंदीतही नेमकी १३च अक्षरं मावतात, प्रत्येक अक्षराला दोन बाइट. ३२ बाइटच्या त्या पट्टीत आधीपासूनचे काही रकाने हलवता येत नव्हते, म्हणून नाव तीन तुकड्यांत ठेवलं: पहिल्या जागेत पाच अक्षरं, मधल्या जागेत सहा, शेवटी दोन. पहिल्या बाइटमध्ये तुकड्याचा क्रमांक. पुढे एक पडताळणीचा आकडा, तो छोट्या नावावरून काढलेला, म्हणजे हे लांब नाव कोणत्या छोट्या नावाचं ते पक्कं राहावं. आणि गुणधर्माच्या बाइटमध्ये १५. फक्त वाचण्याजोगी एक, लपवलेली दोन, सिस्टिमची चार, डिस्कच्या नावाची आठ, अशी बेरीज १५. खऱ्या फाइलीला हे चारही गुणधर्म एकदम कधी नसतात, म्हणून बहुतेक जुने प्रोग्राम अशी नोंद पाहून तिला हात न लावता पुढे जातात. लगेच खाली जुन्या पद्धतीची नोंद: ‘प्रोग्रा~१’. सहा अक्षरं, नागमोडी चिन्ह, आकडा.

नाव याहून लांब असेल तर पट्ट्या वाढतात, आणि त्या उलट्या क्रमाने लागतात. शेवटचा तुकडा सगळ्यात वर, पहिला तुकडा छोट्या नावाला चिकटून. इतका विचार करून, तुझ्यासारख्या जुन्या मंडळींचा पाय पडून नावं तुडवली जाऊ नयेत अशा बेताने ती तिथे ठेवली होती. तू ती तुडवली नाहीस, हे मान्य. तू त्यांच्याकडे बघितलंच नाहीस. छोटी नोंद उचललीस, तिच्या डोक्यावरच्या पट्ट्या जुन्याच डिस्कवर सोडल्यास.

आता तुझा बचाव मला ठाऊक आहे. ‘मी डॉसचा. लांब नावं विंडोजच्या अखत्यारीतली. विंडोज सुरू नसेल तर ती वाचायची सोयच मला दिलेली नाही.’ तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. लांब नावांची कामं विंडोज सुरू झाल्यावर चालणारा व्हीफॅट हा ड्रायव्हर करतो. नुसत्या डॉसमध्ये तो नसतो. पण डॉसला ते जमण्यासारखंच नव्हतं, ही सबब मी ऐकून घेणार नाही. पुढे डॉसएलएफएन नावाचा एक छोटासा मोफत प्रोग्राम आला. तो मेमरीत बसवला की साध्या डॉसमध्येही लांब नावं दिसतात, लिहिता येतात. काम अशक्य नव्हतं.

आणि समजा, तुला ते वाचताच येत नव्हतं. मग तसं सांगायला काय झालं होतं? ‘या डिस्कवर लांब नावं आहेत, ती मी नेणार नाही, पुढे जाऊ का?’ एवढा एक प्रश्न. फोल्डर आहे की फाइल, हे तू विचारतोस. त्याच नावाची फाइल असेल तर वर लिहू का, हेही विचारतोस. नावं टाकून द्यायची वेळ आली तेव्हा मात्र मूग गिळून बसलास.

तुझी सर्वांत संतापजनक बाब तर पुढेच आहे. विंडोज चालू असताना काळी खिडकी उघडून तुझं नाव टाइप केलं, तर तू काम स्वतः करत नाहीस. ते एक्सकॉपी३२ कडे जातं आणि तो लांब नावं व्यवस्थित नेतो. विंडोज बंद करून डॉस मोडमध्ये गेलं आणि तीच कमांड दिली, तर नावं जातात. दोन्हीकडे काळा पडदा, तोच ‘सी:’ आणि पुढे लुकलुकणारा कर्सर, तीच कमांड आणि शेवटी कॉपी झाल्याची तीच ओळ. समोर बसलेल्या माणसाने यातला फरक कशावरून ओळखायचा होता?

यात भरडला कोण गेला, तेही बघ. निष्काळजी माणूस विंडोजमध्येच खिडकी उघडून कॉपी मारून मोकळा झाला आणि त्याची नावं वाचली. विचारी माणसाने ठरवलं, की ऑपरेटिंग सिस्टिम चालू असताना तिची कॉपी घेऊ नये; स्वॅप फाइल उघडी असते, विंडोजच्या सेटिंगांची नोंद ठेवणारी रजिस्ट्री वापरात असते, अर्धवट काहीतरी जाईल. म्हणून त्याने मशीन रीतसर बंद केलं, फ्लॉपीवरून किंवा डॉस मोडमध्ये सुरू केलं आणि मग कॉपी घेतली. ज्याने जास्त काळजी घेतली, त्याचाच तू घात केलास.

त्या माणसाला आणखी एक खड्डा वाटेतच होता. रजिस्ट्रीच्या दोन मुख्य फाइली, सिस्टिम.डॅट आणि युजर.डॅट, या लपवलेल्या. जुन्या डॉसमधला तू लपवलेल्या फाइली नेतच नाहीस. म्हणजे आधी ॲट्रिब कमांडने त्यांचे गुणधर्म काढा, मग कॉपी करा, मग परत लावा. एवढं सगळं निगुतीने केलेल्या माणसालाही तू शेवटी ‘प्रोग्रा~१’ टेकवलंस.

मग काय होतं ते लोकांना नीट माहीत नसतं, म्हणून इथे सांगतो. नवी डिस्क आधी बूट करण्याजोगी केली, सिस कमांडने सिस्टिमच्या फाइली टाकल्या, एफडिस्कने पार्टिशन ॲक्टिव्ह केलं, की मशीन सुरू होतं. कारण ‘विंडोज’ या फोल्डरचं नाव इंग्रजीत सातच अक्षरांचं, ते सुखरूप पोचलेलं असतं. पडदा उजळतो आणि माणसाला वाटतं, जमलं. मग तो स्टार्ट दाबतो. स्टार्ट मेनू म्हणजे दुसरं काही नाही, विंडोजच्या पोटातलं एक फोल्डर आणि त्यातले शॉर्टकट. मेनूत जी नावं दिसतात ती त्या फाइलींचीच नावं. आता फोल्डरचं नावच ‘स्टार्टएम~१’ झालेलं. विंडोज शोधतं ‘स्टार्ट मेनू’, आणि त्या नावाचं काही डिस्कवर उरलेलं नसतं.

प्रोग्राम चालवायला जावं तर काही चालतात, काही चालत नाहीत, आणि यात काहीच संगती लागत नाही असं वाटतं. संगती आहे. रजिस्ट्रीत काही प्रोग्रामांनी आपला पत्ता छोट्या नावाने लिहून ठेवलेला असतो, काहींनी लांब. ज्यांनी ‘प्रोग्रा~१’ लिहिलं ते उघडतात. ज्यांनी ‘प्रोग्राम फाइल्स’ लिहिलं त्यांना रस्ताच सापडत नाही. माणूस दिवसभर एकेक प्रोग्राम पुन्हा टाकत बसतो आणि त्याचा समज होतो, की विंडोज बिघडलं किंवा व्हायरस आला. तू मात्र नामानिराळा.

सिस्टिमचं एक वेळ सोडून देऊ. विंडोज पुन्हा टाकता येतं. माणसाने स्वतः दिलेली नावं पुन्हा टाकता येत नाहीत.

महाराष्ट्रातला कुठलाही जुना छापखाना किंवा डीटीपीचं दुकान घे. नव्वदच्या दशकात मराठी पुस्तकं, अंक, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं हे सगळं पेजमेकरमध्ये जुळवलं जात होतं, आणि अक्षरं असत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीची किंवा सी-डॅकच्या आयएसएमची. युनिकोडच्या आधीचा तो काळ. त्या फाइलीतला मराठी मजकूर ज्या त्या फॉन्टच्या खास सांकेतिक क्रमात असतो. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा गिचमिड कचरा दिसतो. म्हणून ते जुनं विंडोज, तो फॉन्ट, ते सॉफ्टवेअर आणि पॅरलल पोर्टला लावलेलं त्याचं डोंगल, हा सगळा संसार एकत्र जिवंत ठेवावा लागतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ चा आधार ११ जुलै २००६ रोजी काढून घेतला, तरी त्यानंतरही अशी मशीनं कोपऱ्यात चालू राहिली ती हौसेखातर नव्हे. लेखकाला पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची असते, आणि जुळवलेली पानं फक्त तिथेच असतात.

अशा मशीनवरचं एक फोल्डर नजरेसमोर आण. विंडोज ९८ मध्ये फाइलीला देवनागरीत नाव देण्याची सोय नव्हती. ती विंडोज २००० पासून आली. त्यामुळे ऑपरेटर नावं रोमनमध्ये लिहायचा, पण मराठीच लिहायचा. ‘दिवाळी अंक १९९८ कविता विभाग’, ‘दिवाळी अंक १९९८ अनुक्रमणिका’, ‘दिवाळी अंक १९९८ मुखपृष्ठ अंतिम’, ‘दिवाळी अंक १९९८ मुखपृष्ठ जुने’. यातलं पहिलं नाव पेजमेकरचा पी६५ हा विस्तार धरून रोमनमध्ये ३३ अक्षरांचं होतं. म्हणजे डिस्कवर तीन पट्ट्या. तू ते नेल्यावर उरतं ‘दिवाळी~१’. बाकीची ‘दिवाळी~२’, ‘दिवाळी~३’, ‘दिवाळी~४’. नऊच्या पुढे गेलं की आकड्याला जागा करण्यासाठी आणखी एक अक्षर कापलं जातं आणि ‘दिवाळ~१०’ सुरू होतं.

आता यातलं अंतिम मुखपृष्ठ कोणतं आणि जुनं कोणतं? ‘अंतिम’ हा शब्द फाइलीच्या आत कुठेच लिहिलेला नसतो. तो नावात होता, आणि नाव फाइलीत राहत नाही, फोल्डरच्या त्या पट्ट्यांत राहतं. पट्ट्या गेल्या की फाइलीला स्वतःचं नाव सांगता येत नाही. ऑपरेटरने रात्री जागून चौथं प्रूफ लावलं आणि ‘अंतिम’ असं लिहून घरी गेला. त्याच्या डोक्यातलं ते ज्ञान कागदावर उतरलंच नव्हतं, त्या एका शब्दात होतं. मी अशी फोल्डरं उघडतो तेव्हा एकेक फाइल उघडून, पानं पाहून, तारखा लावून पुन्हा नावं द्यावी लागतात, आणि तरीही दोन फाइलींत फरक एका शुद्धलेखनाचा असेल तर कोणती छापायची ते छातीठोकपणे सांगता येत नाही. चुकीची फाइल छापली गेली तर दोष प्रेसवाल्यावर येतो. तुझं नावही कोणी घेत नाही.

यावर आणखी एक मार. पेजमेकर चित्रं पानात पूर्ण साठवत नाही. बऱ्याचदा बाहेरच्या फाइलीकडे नावाने बोट दाखवतो. त्या चित्राच्या फाइलीचं लांब नाव गेलं की दुवा तुटतो. पडद्यावर चित्र दिसत राहतं, कारण ती पडद्यापुरती हलकी प्रत असते. छापायला गेलं की त्या जागी फोटो धूसर, चौकटी-चौकटींचा येतो. म्हणजे चूक उघडी पडते ती छपाईची पॉझिटिव्ह फिल्म निघाल्यावर किंवा थेट मशीनवर.

ग्रंथालयातली पुस्तकं नव्या इमारतीत हलवताना प्रत्येकाचं मुखपृष्ठ फाडून टाकायचं, कण्यावर क्रमांक मारायचा, आणि विश्वस्तांना ‘सर्व पुस्तकं सुखरूप पोचली’ असा अहवाल द्यायचा. तू केलंस ते हे. असा ग्रंथपाल एक दिवसही नोकरीवर राहिला नसता.

तुझ्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली जाईल, की एक्सकॉपी३२ होता ना, तो नावं नेत होता ना. नेत होता. पण त्याच्या कामातही एक फट आहे. तो लांब नावं नेतो, छोटी नेत नाही; छोटी नव्या डिस्कवर नव्याने पडतात, ज्या क्रमाने फोल्डरं पोचतील त्या क्रमाने. जुन्या डिस्कवर ‘प्रोग्राम फाइल्स’ हे ‘प्रोग्रा~१’ होतं आणि कोणी पुढे ‘प्रोग्रामिंग’ने सुरू होणारं दुसरं फोल्डर केलं, ते ‘प्रोग्रा~२’ झालं. कॉपी होताना दुसरं आधी पोचलं तर आकडे अदलाबदल होतात, आणि रजिस्ट्रीतले छोटे पत्ते भलत्याच घरी जातात. यावर उपाय साधा: नव्या डिस्कवर ‘प्रोग्राम फाइल्स’ हे फोल्डर हाताने आधी तयार करायचं, मग कॉपी सुरू करायची. जाणकार मंडळी हे करायची. हे कळायला मात्र एकदा तरी ठेच लागावी लागे.

तुझे साथीदारही कमी नव्हते. १९९५ पूर्वीची डिस्क दुरुस्तीची साधनं त्या १५ क्रमांकाच्या पट्ट्यांना कचरा समजून साफ करत. डॉसवरचं जुनं पीकेझिप आठ-तीनच नावं बांधून नेई. लिनक्समध्येही या पद्धतीची (फॅट) डिस्क ‘व्हीफॅट’ म्हणून जोडली तर नावं दिसतात, ‘एमएसडॉस’ म्हणून जोडली तर छोटीच. या सगळ्यांचा समाचार वेगळ्या पत्रात घेता येईल. तू त्यांच्यात मुख्य आहेस, कारण तू प्रत्येक मशीनवर होतास आणि फुकट होतास.

लांब नावांची ही पद्धत मोलाची आहे, हे तुला घडवणाऱ्या कंपनीला कळत नव्हतं असंही नाही. तिने त्यावर पेटंट घेतली होती. फेब्रुवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने नेदरलँड्सच्या टॉमटॉम या कंपनीवर अमेरिकेत दावा लावला, आणि त्यातली काही पेटंट याच नावांच्या पद्धतीची होती. मार्चमध्ये तडजोड झाली. नावांच्या पट्ट्यांवरून दुसऱ्याला कोर्टात खेचण्याइतकी त्यांची किंमत होती. मग त्या पट्ट्या टाकून जाणाऱ्या घरच्या कमांडला एक इशारा द्यायला शिकवण्याइतकी का नव्हती?

विंडोज ९५ च्या सीडीवर, आत खोल एका फोल्डरात, एलएफएनबीके नावाचं एक साधन ठेवलेलं होतं, हेही मला माहीत आहे. एक स्विच दिला की ते सगळी लांब नावं काढून एका फाइलीत लिहून ठेवायचं. जुन्या साधनांनी काम उरकलं की दुसऱ्या स्विचने ती परत बसवायचं. तेही चालवण्याआधी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जुन्या प्रोग्रामांसाठी लांब नावं जपण्याची सोय बंद करावी लागे. म्हणजे धोका ठाऊक होता. उपायही तयार होता. तो ज्याला लागणार होता त्याच्यापर्यंत पोचवायची तसदी कोणी घेतली नाही, आणि तू तर ताकास तूर लागू दिला नाहीस.

त्याच सुमारास न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला घोस्ट नावाचा प्रोग्राम तयार झाला. १९९८ मध्ये सिमँटेकने तो विकत घेतला. तोही डॉसच्या फ्लॉपीवरूनच चालायचा, तुझ्यासारखाच काळ्या पडद्यातून. पण तो डिस्कची रचना जशीच्या तशी वाचून न्यायचा, पट्ट्यांसकट. आपल्याकडे मशीन असेंबल करणाऱ्या पोरांच्या खिशात ती फ्लॉपी असे आणि ‘घोस्ट मारला’ हा त्यांचा रोजचा शब्द झाला होता. मी त्या पोरांचा आजही आभारी आहे. डॉसमध्ये राहूनही प्रामाणिकपणे काम करता येतं, हे घोस्टने दाखवून दिलं, आणि तुझा बचाव तिथेच संपला.

तेव्हा माझा निकाल असा. १९८६ चा एक्सकॉपी निर्दोष. विंडोज ९५ नंतर डॉस मोडमध्ये चालणारा एक्सकॉपी दोषी. नावं नेता आली नाहीत म्हणून नव्हे, नेली नसताना नेल्याचं सांगितलं म्हणून. तुझ्याकडून भरपाई होणार नाही. गेलेली नावं तुझ्याकडेही नाहीत.

आता उरलेलं वाचकांसाठी आहे. जुनं मशीन अजून कोणाच्या छापखान्यात, शाळेत, संस्थेच्या कपाटात किंवा घरच्या माळ्यावर असेल, त्यांनी एवढं करावं. मशीन सुरू होत असेल तर विंडोजमधूनच काळी खिडकी उघडा आणि डिर कमांडला एस स्विच देऊन संपूर्ण डिस्कची यादी एका फाइलीत उतरवून घ्या. तिच्यात डावीकडे छोटं नाव आणि उजवीकडे लांब नाव शेजारी शेजारी येतं. ती यादी दुसरीकडे ठेवा, जमलं तर छापून ठेवा. डिस्क मात्र आवाज करत असेल, तर यादीच्याही नादी न लागता मशीन बंद करा.

मग जाणत्या माणसाकडे जा आणि फाइली कॉपी करून मागू नका, संपूर्ण डिस्कची इमेज मागा. डिस्क बाहेर काढून आयडीई-यूएसबी ॲडॉप्टरला लावली की लिनक्सवरचं डीडी किंवा, डिस्क खराब असेल तर, डीडीरेस्क्यू तिच्यावरचा वाचता येणारा प्रत्येक सेक्टर उतरवून घेतं. फाइल कुठली आणि नाव कुठलं हे त्याला कळायची गरजच नसते, त्यामुळे तिथे काही गळत नाही. त्या इमेजची एक प्रत बाजूला काढून ८६बॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये जुनं विंडोज सुरू करून बघता येतं. जो कोणी ‘कॉपी झाली’ म्हणेल त्याच्या समोरच स्टार्ट मेनू उघडा, ‘माय डॉक्युमेंट्स’ उघडा, आणि नागमोडी चिन्ह कुठे दिसतंय का ते पाहा. नावं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, कोणी कितीही सांगितलं तरी, जुनी डिस्क फॉरमॅट करू नका.